सोयराचं नाव कुठाय?

चोखामेळा सगळ्यांना ठाऊक. 1338 साली मंगळवेढ्याला गावकुसाचं काम करताना भिंत कोसळली, तिच्याखाली तो मेला. त्याची समाधी पंढरपूरला, देवळाबाहेर पायरीशी. पण त्याची बायको सोयरा? तीही अभंग रचायची. नणंद निर्मळाही रचायची. दलित बाईचं मराठी गाणं या दोघींपासून आपल्याला सापडतं.

सोयराचे साठेक अभंग उरलेत. त्यांत सही करताना ती स्वतःला बहुतेक वेळा चोख्याची महारी म्हणवते. गाणं तिचं, घाम तिचा, आणि ओळख नवऱ्याची न् जातीची!

पण बाई भित्री नव्हती. विटाळ विटाळ म्हणता, मग विटाळाशिवाय जन्मलेला एक तरी देह दाखवा, असं ती सरळ विचारते. हे पोथी वाचून सुचलेलं नाही. बाळंतपण, पाळी, शिवाशिव ज्या अंगानं सोसली त्या अंगाचा हा सवाल आहे. पुरुषाला तो असा सुचला नसता.

तिच्या बाळंतपणाची कथाही सांगतात. चोखा घरी नाही, घरात दाणा नाही. तेव्हा विठोबाच निर्मळेचं रूप घेऊन आला न् त्यानं बाळंतपण केलं. कथाच ती. पण बघा, जो देव तिला देवळात घेत नव्हता, त्याला तिच्या गाण्यानं महारवाड्यात आणून कामाला लावलं.

आपल्यातले काही म्हणतात, हे घराणं देवापुढं रडलं, आपल्याला त्याचं काय? खरंय, रडून दार उघडलं नाही. चोख्यानंतर सहाशे नऊ वर्षांनी, 1947 ला, आपल्या खानदेशात अमळनेरला मास्तर राहिलेले साने गुरुजी उपोषणाला बसले तेव्हा ते उघडलं. 1956 ला आपण तो देवच सोडला. पण विटाळाचा सवाल सोडला का? तो तर आपलाच आहे, न् तो आधी एका बाईनं विचारलाय.

बाबासाहेबांनी अस्पृश्यांवरचं आपलं 1948 चं पुस्तक नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांच्या स्मृतीला वाहिलं. त्या तिघांशेजारी सोयराचं नाव लिहिणं आता आपल्याकडं आहे.

आणि साक्रीकडच्या पोरांनो, घरातल्या म्हाताऱ्यांना जात्यावरची, भीमाची गाणी येतात. अहिराणीत असतील तर अहिराणीतच उतरवून घ्या. खाली तिचं नाव घाला. अमक्याची बायको, तमक्याची आई असं नको. तिचं स्वतःचं नाव.