आर्मा रेल्वे अपघात

आयर्लंडच्या उत्तर भागातील आर्मा शहराजवळ 12 जून 1889 रोजी झालेला भीषण रेल्वे अपघात. सहलीच्या गाडीचे सुटे केलेले डबे उतारावरून मागे घरंगळले आणि पाठोपाठ येणाऱ्या प्रवासी गाडीवर आदळले. त्यात सुमारे 80 जण दगावले आणि 260 जखमी झाले. मृतांत लहान मुले बरीच होती. ब्रिटनमधील रेल्वे सुरक्षेच्या कायद्याला याच अपघाताने वळण दिले.

घटनाक्रम : मेथडिस्ट पंथाच्या रविवारच्या शाळेतील मुले व पालक यांना घेऊन 15 डब्यांची खास गाडी वॉरेनपॉइंट या समुद्रकाठच्या गावी निघाली होती. आर्मा सोडताच सुमारे 75 फुटांमागे 1 फूट असा चढ लागतो. माथा थोडाच उरला असताना इंजिनाचा जोर संपला व गाडी थांबली. तेव्हा गाडी तोडून पुढचे 5 डबे आधी पुढील स्थानकावर नेण्याचे ठरले. मागचे 10 डबे एका ब्रेकव्हॅनच्या हातब्रेकवर उभे राहिले. चाकांखाली दगडही लावले होते. इंजिन निघताना पुढचे डबे किंचित मागे सरकले. त्या धक्क्यासरशी दगड निकामी ठरले आणि मागचे डबे सुटले. दारे कुलूपबंद असल्याने आतल्या लोकांना बाहेर पडता येईना. सुमारे अडीच किलोमीटर अंतरात या डब्यांनी ताशी 60 किलोमीटरहून अधिक वेग घेतला. समोरच्या गाडीच्या चालकाने ब्रेक लावून वेग पुष्कळ कमी केला होता, तरी टक्कर टळली नाही.

कारणे : गाडीला साधा व्हॅक्यूम ब्रेक होता. त्यात इंजिनाने नळीतील हवा ओढून घेतली की ब्रेक लागे. नळी सुटली की ब्रेकही सुटे. त्यामुळे गाडी तोडताच मागच्या डब्यांचा ब्रेक गेला. स्वयंचलित ब्रेकमध्ये याच्या उलट घडते : निर्वातामुळे ब्रेक सुटलेला राहतो व नळी तुटताच आपोआप लागतो. असा ब्रेक असता तर ते डबे जागेवरच उभे राहिले असते. दुसरे कारण म्हणजे गाड्या केवळ ठरावीक मिनिटांच्या अंतराने सोडल्या जात. पुढची गाडी चढावर अडकली आहे, हे मागच्या गाडीला कळण्याची सोय नव्हती. इंजिनाच्या ताकदीच्या मानाने गाडी जड होती, हेही चौकशीत पुढे आले.

परिणाम : स्वयंचलित ब्रेक आणि ब्लॉक पद्धत यांचा आग्रह सरकारी निरीक्षक अनेक वर्षे धरत होते, कंपन्या खर्चाचे कारण सांगून टाळाटाळ करीत. अपघातानंतर तीन महिन्यांच्या आत रेल्वे नियमन कायदा, 1889 संमत झाला. त्याने प्रवासी गाड्यांना सलग स्वयंचलित ब्रेक, एका टप्प्यात एकच गाडी ठेवणारी ब्लॉक पद्धत, तसेच सिग्नल व सांधे यांचे इंटरलॉकिंग सक्तीचे करण्याचा अधिकार सरकारला दिला.

स्मारक : अपघाताला 125 वर्षे झाली त्या निमित्ताने 2014 मध्ये आर्मा येथील मॉल या हिरवळीवर एका मुलीचा पुतळा उभारण्यात आला. तिच्या हाती समुद्रकाठी वाळूत खेळण्याची बादली व फावडे आहे.