दोन तारखांमधल्या नोंदी कशा शोधतात? शेवटच्या दिवशीची नोंद का गळते?

महात्मा जोतिराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजना डिसेंबर २०१९ मध्ये जाहीर झाली. १ एप्रिल २०१५ ते ३१ मार्च २०१९ या काळात घेतलेलं अल्पमुदत पीक कर्ज आणि ३० सप्टेंबर २०१९ रोजी दोन लाखांपर्यंतची थकबाकी, हा तिचा मुख्य निकष होता. अशा निकषाने हजारो नोंदींतून यादी काढायची, तर डेटाबेसला नेमका प्रश्न विचारावा लागतो. या प्रश्नालाच 'क्वेरी' म्हणतात.

क्वेरी कशी असते?

एसक्यूएल या भाषेत ती साधारण अशी असते (टाइप करताना शब्द आणि अंक रोमन लिपीत):

सिलेक्ट * फ्रॉम कर्ज व्हेअर तारीख बिट्वीन '२०१५-०४-०१' अँड '२०१९-०३-३१'

बिट्वीनमध्ये पहिली आणि शेवटची, दोन्ही तारखा धरल्या जातात.

मग चूक कुठे होते?

समजा, खामगाव तालुक्यातल्या पिंपळगाव राजाच्या एका शेतकऱ्याने वर्षअखेरीला कर्जाचं नवं-जुनं केलं. नोंद झाली ३१ मार्च २०१९, सकाळी ११:३० वाजता. रकान्यात तारखेसोबत वेळही साठवली असेल, तर क्वेरीतली नुसती '२०१९-०३-३१' ही तारीख त्या दिवसाची पहाट न होता रात्रीचे ००:०० वाजलेत अशी धरली जाते. ११:३० ची नोंद त्यानंतरची, म्हणून यादीबाहेर! शेतकरी पात्र असूनही त्याचं नाव येणार नाही आणि संगणक चूकही दाखवणार नाही.

उपाय काय?

शेवटच्या दिवसाऐवजी त्याच्या पुढच्या दिवसाच्या आधीपर्यंत असं सांगायचं:

तारीख >= '२०१५-०४-०१' अँड तारीख < '२०१९-०४-०१'

यात ३१ मार्चचा पूर्ण दिवस येतो.

आणखी काय तपासावं?

- तारखेचा रकाना: तारीख साधा मजकूर म्हणून साठवली असेल, तर तुलना अक्षरानुसार होते. मग '०५-१२-२०१२' हे '०१-०४-२०१५' आणि '३१-०३-२०१९' यांच्या मध्ये बसतं आणि २०१२ चं कर्ज यादीत शिरतं.
- रिकामी तारीख: अशी नोंद कुठल्याच कालावधीत येत नाही. ती वेगळी शोधावी.
- कडेचे दिवस: पहिल्या आणि शेवटच्या दिवसाच्या नोंदी स्वतंत्र मोजून यादीशी ताडून पाहाव्यात.

यादीत नाव नाही याचा अर्थ माणूस अपात्र आहे, असा दरवेळी होत नाही. कधी कधी प्रश्नच चुकीचा विचारलेला असतो.