नोटरीचा उजवा हात

बर्नार्दिनो रामात्झिनी हा इटालियन वैद्य. रोग्याला नेहमीच्या प्रश्नांबरोबर आणखी एक प्रश्न विचारा, असं तो सांगे : तू काम काय करतोस? १७०० साली त्याने कामगारांच्या आजारांवर ग्रंथ छापला. १७१३च्या वाढीव आवृत्तीत लेखनिकांवरचं प्रकरण आलं. त्यांच्या दुखण्याची त्याने तीन कारणं दिली : सतत बसणं, हाताची एकाच दिशेने अखंड हालचाल, आणि चूक होऊ नये म्हणून मनावर येणारा ताण. त्याच्या ओळखीच्या एका नोटरीचा उजवा हात लिहून लिहून निकामी झाला. तो डाव्या हाताने लिहायला शिकला. पुढे डावाही गेला.

लेखणीनंतर तारयंत्र आलं आणि तारमास्तरांचे हात आखडू लागले. १९०८ साली ब्रिटनने हे दुखणं नुकसानभरपाईच्या यादीत घातलं. पण १९११ साली सरकारी समितीने स्नायूंच्या थकव्याबरोबरच तारमास्तरांच्या कमकुवत मज्जासंस्थेकडेही बोट दाखवलं. दुखणं कामाचं की माणसाचं, हा वाद तेव्हापासूनचा.

१९७२ साली अ‍ॅलन के यांनी मुलांसाठी वहीएवढा संगणक कल्पिला. वजन चार पौंडांहून कमी हवं, ही त्यांची अट. २७ जानेवारी २०१० रोजी स्टीव्ह जॉब्स यांनी आयपॅड दाखवला तो टेबलाशी उभं राहून नव्हे, तर आरामखुर्चीत बसून, मांडीवर ठेवून. पहिल्या आयपॅडचं वजन ६८० ग्रॅम. मग दुखतं काय?

दुखते मान. टेबलावरच्या संगणकात पडदा डोळ्यांसमोर आणि कीबोर्ड हातांखाली, अशी वाटणी होती. टॅबने दोन्ही एकत्र आणलं. हातांची सोय पाहून तो खाली ठेवावा, तर सुमारे पाच किलोचं डोकं पुढे झुकतं आणि ते तोलायला मानेमागचे स्नायू ताणलेले राहतात. डोळ्यांसाठी वर धरावा, तर खांदे भरून येतात. न हलता आवळून राहिलेल्या स्नायूत रक्त नीट फिरत नाही. म्हणून हलकी वस्तूही तासाभराने जड होते. २०१२ साली हार्वर्डच्या संशोधकांनी १५ जणांवर पाहणी केली. टॅब मांडीवर असताना मान सर्वांत जास्त वाकत होती. टेबलावर चढ्या कोनात उभा केला की ती सरळ होण्याच्या बेताला येई.

म्हणजे उपाय साधा : टेकू लावा, हात बदला, मध्येच उठा. गोम वेगळीच आहे. तारमास्तराला दाद मागायला निदान मालक होता. रात्री पलंगावर लोळत दफ्तराच्या मेलना उत्तरं देणाऱ्याची मान अवघडली, तर ती कामावर अवघडली की आरामात? त्याचं त्यालाही सांगता येत नाही. आरामखुर्चीने कामाची जागाच पुसून टाकली.

रामात्झिनीचा प्रश्न आज कुणी विचारला, तर उत्तर द्यायला आपण क्षणभर अडखळू. तेवढ्या वेळात मान वर करून घ्यावी.