तुपकी : एका शब्दाचा आणि एका खेळण्याचा प्रवास

१/ आषाढ शुद्ध द्वितीया. छत्तीसगडमधील बस्तरच्या जगदलपूर नगरीत गोंचा उत्सवाचे रथ निघतात आणि गर्दीतून ‘फट्ट, फट्ट’ असे बार उडू लागतात. दारू नाही, ठिणगी नाही, धूर नाही. हे बार बांबूच्या एका खेळण्याचे. त्याचे नाव तुपकी.

२/ रचना अगदी साधी. दोन्ही टोके उघडी असलेली बांबूची नळी आणि तीत सरकणारी, नळीहून किंचित आखूड काडी. गोळीच्या जागी ‘पेंग’, म्हणजे मालकांगणीच्या वेलीचे वाटाण्याएवढे हिरवे फळ.

३/ पहिले फळ नळीच्या तोंडाशी घट्ट बसवायचे, दुसरे मागून रेटायचे. मधली हवा कोंडते, आकसते आणि पुढचे फळ आवाज करीत सुटते. मागचे फळ तोंडाशी येऊन थांबते. पुढल्या बाराचे बूच तेच.

४/ कोंडलेली हवा कमानीसारखी उसळते, हे रॉबर्ट बॉईल याने १६६० च्या ग्रंथात प्रयोगांनी दाखविले. तापमान स्थिर असता घनफळ निम्मे झाले की दाब दुप्पट, हा त्याचा नियम १६६२ चा. फळ सैल बसले की बार फुसका जातो, हे मात्र तुपकी करणाऱ्या हातांना ग्रंथाविनाही उमगते.

५/ आता नावाकडे वळू. तुपकी म्हणजे छोटी तुपक. बंदुकीसाठी जुन्या मराठीत रुळलेला ‘तुपक’ हा शब्द तुर्की ‘तुफेक’ आणि फारसी ‘तुफंग’ यांच्या कुळातला. १५२६ साली पानिपतावर बाबराच्या सैन्याने वापरलेल्या तोड्याच्या बंदुका याच नावाच्या.

६/ पण शब्द बंदुकीहून जुना आहे. महमूद काश्गरी याच्या अकराव्या शतकातील तुर्की कोशात ‘तुवेक’ म्हणजे चिमण्या टिपण्याची, ओल्या सालीची पोकळ नळी. त्या वेळी तिकडे बंदूक नव्हतीच. पुढे दारूगोळा आला आणि वाऱ्यावर चालणाऱ्या नळीचे नाव आगीवर चालणाऱ्या नळीस मिळाले.

७/ बस्तरात हे वर्तुळ पूर्ण झाले. राजा पुरुषोत्तमदेव पुरीहून परतल्यावर येथे रथयात्रा सुरू झाली, अशी परंपरा आहे. तिच्यात तुपकीचा बार ही जगन्नाथास दिलेली मानवंदना. शस्त्राचे नाव पुन्हा हवेच्या नळीकडे आले.

८/ तुपकीचे बळ हाताच्या रेट्याएवढे आणि गोळी कोवळ्या फळाची. लागली तर क्षणभर चुरचुरते. डोळ्यांवर नेम धरायचा नाही, एवढे पथ्य पाळावेच.

९/ गेली काही दशके बस्तरचे नाव वृत्तपत्रांत आले ते बहुधा खऱ्या बंदुकांमुळे. त्याच भूमीत दर आषाढात हजारो हात तुपकी उचलतात आणि उत्सव संपला की सारे सुखरूप घरी जातात. बस्तरचा इतिहास लिहिताना ही नोंदही राहू नये.

१०/ आपल्या गावी अशा नळीस काय म्हणतात आणि तीत कोणते फळ घालतात? अवश्य कळवावे.