लग्नाची भिशी

‘घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून’, अशी आपल्याकडे म्हण आहे. गिरणगावात तिचा पहिला अर्धा भाग कुणाला लागूच पडला नाही. परळ-लालबागच्या चाळीतली दहा बाय दहाची खोली भाड्याची. घर बांधायचा प्रश्नच नव्हता. उरलं लग्न. ते गिरणी कामगारानं कसं निभावलं, याचा हिशोब आज मांडू या.

१९२१-२२ साली मुंबई सरकारच्या कामगार खात्यानं कामगार कुटुंबांच्या जमाखर्चाची पाहणी केली. कुटुंबाचं महिन्याचं सरासरी उत्पन्न निघालं सुमारे ५२ रुपये. शंभरातली ४७ कुटुंबं सावकाराची देणेकरी होती आणि देणं साधारण अडीच महिन्यांच्या उत्पन्नाइतकं. म्हणजे १३० रुपये धरा. व्याजाचा एक रूढ दर होता रुपयाला महिना एक आणा. सोळा आण्यांचा रुपया, तेव्हा वर्षाला शेकडा ७५! १३० रुपयांवर दरमहा आठ रुपये दोन आणे नुसतं व्याज, आणि मुद्दल जागच्या जागी.

कामगार लग्नात पैसा उधळतो म्हणून बुडतो, असं म्हणणारे तेव्हाही पुष्कळ होते. मला ते अर्धंच खरं वाटतं. गिरणीत महिना भरला तरी पगार हातात पडायला आणखी दहा-पंधरा दिवस लागत. नव्यानं लागलेल्या माणसाला पहिला पगार दिसायचा दीड महिन्यानं. तोवर वाणी उधारीवर, खोलीचं भाडं उधारीवर. पोरीचं स्थळ यायच्या आधीच बापाचं नाव सावकाराच्या वहीत चढलेलं असे. लग्नानं फक्त आकडा वाढायचा. १९३१ साली व्हिटली आयोगानं अहवाल दिला. पगाराच्या दिवशी कारखान्याच्या फाटकाशी दबा धरून वसुली करणं हा गुन्हा ठरवावा, अशी शिफारस त्यात आहे. पगार किती दिवसांत द्यायचा, याचं बंधन आलं ते १९३६च्या कायद्यानं.

पांढरपेशा मुंबईकरांनी यातून आपली वाट आधीच काढली होती. १९०६ साली श्रीपाद सुब्बराव तालमकी यांनी शामराव विठ्ठल यांच्या नावानं सहकारी पतसंस्था काढली. १९१८ साली सारस्वत मंडळींनी आपली संस्था स्थापली. तिचा हेतू काय होता? घरातलं लग्न, जुन्या कर्जाची फेड, आजारपण अशा अडचणींत सभासदाला तात्पुरती रक्कम देणं. १९३३ साली तिची बँक झाली. आज तिचं मुख्य कार्यालय प्रभादेवीला आहे. एवढ्या मोठ्या बँकेच्या पायाशी कुणाच्या तरी मुलीचं लग्न आहे, हे मला फार आवडतं. पुढे गिरण्यांतही पतपेढ्या आल्या. हप्ता पगारातूनच कापला जाई, त्यामुळे सावकाराच्या दारात जायची पाळी कमी झाली.

पण चाळीची खरी बँक म्हणजे भिशी. वीस जणांनी महिना ठरावीक रक्कम काढायची, चिठ्ठी निघेल त्यानं सगळी उचलायची, आणि वीस महिन्यांत सगळ्यांची पाळी फिरायची. लिलावाची भिशी वेगळी. तिथे गरजू माणूस घाट्यात रक्कम उचलतो, म्हणजे आडवळणानं व्याजच. आमच्या धर्मात व्याज निषिद्ध, म्हणून अब्बांना चिठ्ठीचीच भिशी पटे. दुसरी बँक आहेराची वही. कुणी पाच रुपये दिले, कुणी पातेलं, सगळं लिहून ठेवायचं आणि त्यांच्या घरी कार्य निघालं की परत करायचं. लोक तिला हिशेबीपणा म्हणून हसतात. मी तिला बिनव्याजी कर्जाची खातेवही म्हणतो.

१८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला. डॉ. दत्ता सामंतांच्या मागे सुमारे अडीच लाख कामगार उभे राहिले. पगारच नाही, तर पतपेढी हप्ता कशातून कापणार आणि नवं कर्ज कशावर देणार? किती घरांतली लग्नं लांबली! आमच्या घरी थोरल्या बहिणीचा निकाह ठरलेला होता. मुलाकडच्यांनी समजूतदारपणा दाखवला. हॉल नाही, जेवणावळ नाही. चाळीच्या चौकात सतरंज्या, खजूर आणि सरबत. तरी कपड्यांना, दोन भांड्यांना पैसे हवेच होते.

चाळीत बायकांची एक भिशी होती. वीस जणी, महिना पंचवीस रुपये. हॉस्पिटलातल्या आया, भाजीवाल्या, शिवणकाम करणाऱ्या. म्हणजे गिरणीच्या पगारावर न चालणारे हात. पहिला महिना भिशी चालवणारीचा, असा रिवाज. चालवणाऱ्या मावशी साताऱ्याकडच्या, दादरला भाजी विकायच्या. नवी भिशी सुरू झाली तेव्हा त्यांनी चिठ्ठ्यांचा डबा उघडलाच नाही. आपली पाळी अम्मीला दिली आणि पाचशे रुपये रुमालात बांधून हातात ठेवले. अम्मीनं पुढचे एकोणीस महिने ब्लाउज शिवून पंचवीस-पंचवीस रुपये भरले. मावशींनी आपली रक्कम उचलली ती अम्मीच्या पाळीला, अगदी शेवटच्या महिन्यात.