सणाची विक्री आणि समभागाचा भाव : व्हिडिओ गेम उद्योगाचा हंगाम कसा वाचावा

अमेरिकेत नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी थँक्सगिव्हिंगचा सण साजरा होतो. त्याच्या दुसऱ्या दिवशी येणाऱ्या ‘ब्लॅक फ्रायडे’पासून नाताळपर्यंत तेथील बाजारात जी खरेदी होते, तिच्यावर अनेक व्यवसायांचे वर्ष तरते वा बुडते. व्हिडिओ गेमचा व्यवसाय त्यांपैकी एक. जपानमध्ये या हंगामाला नववर्षाची जोड मिळते. तेथे वडीलधाऱ्यांनी मुलांना नववर्षानिमित्त पाकिटातून पैसे देण्याची प्रथा आहे आणि त्या पैशांचा काही वाटा गेमच्या दुकानांकडे वळतो.

साहजिकच दर डिसेंबरात ‘विक्रमी विक्री’च्या बातम्या झळकतात आणि त्यावरून कंपन्यांच्या समभागांविषयी अंदाज बांधले जातात. गेल्या चार दशकांचा अनुभव मात्र वेगळे सांगतो. हंगामातील विक्री आणि त्यानंतरचा समभागाचा भाव कैकदा परस्परविरुद्ध दिशांना गेले आहेत. बाजार विक्रीचा आकडा एकटा पाहत नाही. तो त्या आकड्याची तुलना कंपनीने आधी दिलेल्या अंदाजाशी आणि पुढील वर्षाच्या शक्यतेशी करतो. हे सूत्र लक्षात घेतले, तर वरकरणी विसंगत वाटणाऱ्या अनेक घटनांचा उलगडा होतो.

हंगाम एक, आर्थिक वर्षे निराळी

निन्टेन्डो, सोनी, इलेक्ट्रॉनिक आर्ट्स आणि टेक-टू या कंपन्यांचे आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते. त्यामुळे ऑक्टोबर ते डिसेंबर ही त्यांची तिसरी तिमाही ठरते. मायक्रोसॉफ्टचे वर्ष जूनअखेर संपत असल्याने तीच तिमाही तिच्यासाठी दुसरी असते. या तिमाहीचे निकाल जानेवारीच्या उत्तरार्धापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत जाहीर होतात. दुकानांतील गर्दी डिसेंबरात दिसत असली, तरी तिचा हिशेब गुंतवणूकदारांसमोर येतो तो या काळात.

या एका तिमाहीचे वजन किती, हे निन्टेन्डोच्या ‘स्विच’ या कन्सोलवरून कळते. २०१८ च्या ऑक्टोबर-डिसेंबरमध्ये स्विचची ९४.१ लाख यंत्रे विकली गेली. मार्च २०१९ अखेरच्या संपूर्ण वर्षाची विक्री १ कोटी ६९.५ लाख होती. म्हणजे वर्षाची निम्म्याहून अधिक विक्री तीन महिन्यांत झाली. २०२० मध्ये महामारीमुळे लोक घरी अडकले असताना वर्षभर मागणी राहिली. तेव्हा तिमाहीची विक्री १ कोटी १५.७ लाख असूनही वर्षाच्या २ कोटी ८८.३ लाखांत तिचा वाटा सुमारे ४० टक्के होता. २०२३ मध्ये यंत्र जुने झाल्यावर तिमाहीत ६९ लाख आणि वर्षात १ कोटी ५७ लाख, असे प्रमाण सुमारे ४४ टक्क्यांवर आले. हंगामाचा वाटा स्थिर नसतो, हे यावरून ध्यानात येते. केवळ एका तिमाहीला चारने गुणून वर्षाचा अंदाज करणे किंवा मागील वर्षाचे प्रमाण जसेच्या तसे लावणे, या दोन्ही पद्धती धोक्याच्या आहेत.

डिसेंबर १९८२ : पहिला धडा

या उद्योगाने अपेक्षाभंगाचा पहिला मोठा धक्का १९८२ च्या नाताळात अनुभवला. अटारी ही तेव्हाची सर्वांत मोठी गेम कंपनी वॉर्नर कम्युनिकेशन्सच्या मालकीची होती. स्टीव्हन स्पीलबर्ग यांच्या ‘ई.टी.’ या चित्रपटावर आधारित गेम नाताळात दुकानांत हवा, म्हणून हॉवर्ड स्कॉट वॉर्शॉ यांना तो सुमारे पाच आठवड्यांत तयार करावा लागला. गेम वेळेवर आला. पण खेळणाऱ्यांच्या पसंतीस उतरला नाही आणि दुकानदारांकडे भरलेला माल मोठ्या प्रमाणावर परत आला.

७ डिसेंबर १९८२ रोजी वॉर्नरने आपल्या कमाईचा अंदाज घटवला. वाढ थांबली असे कंपनीने म्हटले नव्हते, वाढ अपेक्षेपेक्षा कमी होईल एवढेच सांगितले होते. तरीही दुसऱ्या दिवशी समभाग सुमारे एक तृतीयांशाने कोसळला. न खपलेली कार्ट्रिज १९८३ मध्ये न्यू मेक्सिको राज्यातील अलामोगोर्डो येथे कचराभूमीत पुरण्यात आली; एप्रिल २०१४ मधील उत्खननात ती प्रत्यक्ष सापडली. अमेरिकेतील घरगुती गेमचा बाजार त्यानंतर जवळजवळ कोसळला आणि निन्टेन्डोने १९८५ च्या अखेरीस न्यूयॉर्कमध्ये आपले कन्सोल आणल्यानंतरच तो हळूहळू सावरू लागला.

फेब्रुवारी २०१९ : पंधरवड्यातील चार निकाल

विक्री आणि भाव यांतील विसंगतीचा अभ्यास करण्यासाठी २०१८ च्या हंगामासारखे उदाहरण नाही. ३१ जानेवारी २०१९ रोजी निन्टेन्डोने स्विचच्या तिमाही विक्रीत आधीच्या वर्षाच्या तुलनेत सुमारे ३० टक्के वाढ जाहीर केली. त्याच वेळी वर्षाचे उद्दिष्ट मात्र २ कोटींवरून १ कोटी ७० लाखांवर आणले. दुसऱ्या दिवशी समभाग सुमारे ९ टक्के घसरला. यंत्राचा तोवरचा सर्वोत्तम हंगाम आणि समभागाची घसरण एकाच आठवड्यात घडली.

५ फेब्रुवारीला इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने ‘बॅटलफील्ड ५’ च्या ७३ लाख प्रती विकल्या गेल्याचे सांगितले. हा गेम ऑक्टोबरमधून २० नोव्हेंबरवर ढकलण्यात आला होता आणि सवलतींच्या गर्दीत सापडला होता. विक्री अपेक्षेपेक्षा सुमारे १० लाखांनी कमी भरली. समभाग दुसऱ्या दिवशी सुमारे १३ टक्क्यांनी खाली आला. त्याच दिवशी टेक-टूचा समभागही जवळपास तेवढाच पडला. वास्तविक या कंपनीच्या ‘रेड डेड रिडेम्प्शन २’ ने पहिल्या तीन दिवसांत ७२.५ कोटी डॉलरची विक्री केली होती आणि दुकानांत २ कोटी ३० लाखांहून अधिक प्रती पोहोचल्या होत्या. बाजाराला खटकला तो पुढील तिमाहीचा अंदाज.

१२ फेब्रुवारीला अ‍ॅक्टिव्हिजन ब्लिझार्डने विक्रमी वार्षिक उत्पन्न जाहीर केले आणि त्याच दिवशी सुमारे ८ टक्के कर्मचाऱ्यांची, म्हणजे जवळपास ८०० जणांची, कपात घोषित केली. अपेक्षाभंगाची किंमत केवळ भागधारक मोजत नाहीत, याची ही ठळक नोंद होय.

या घसरणींमागील एक समान कारण ‘फोर्टनाइट’ हा विनामूल्य गेम होते. त्याने खेळणाऱ्यांचा वेळ व्यापला होता. साठ डॉलरचा नवा गेम विकत घेण्यापूर्वी ग्राहक आता मोफत उपलब्ध असलेल्या गेमशी त्याची तुलना करू लागला होता. याचा प्रतिसाद इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने ४ फेब्रुवारीलाच दिला होता. ‘एपेक्स लेजेंड्स’ हा विनामूल्य गेम तिने पूर्वप्रसिद्धीविना बाजारात आणला आणि तीन दिवसांत १ कोटी लोक तो खेळू लागले. ८ फेब्रुवारीला समभाग सुमारे १६ टक्के वधारला. नाताळच्या हंगामात जे गमावले, ते हंगामाबाहेर आलेल्या आणि विकत न घेता खेळता येणाऱ्या गेमने भरून काढले.

नग वाढले, नफा घटला

विक्री वाढूनही नफा घटू शकतो, याचे उदाहरण सोनीने २०२३ च्या हंगामात दिले. ऑक्टोबर-डिसेंबरमध्ये ‘प्लेस्टेशन ५’ ची ८२ लाख यंत्रे विकली गेली. आधीच्या वर्षी हा आकडा ७१ लाख होता. तथापि ही वाढ साधण्यासाठी यंत्रांवर मोठ्या सवलती द्याव्या लागल्या आणि गेम विभागाचा कार्यकारी नफा सुमारे एक चतुर्थांशाने घटला. १४ फेब्रुवारी २०२४ रोजी कंपनीने वर्षाचे उद्दिष्ट २ कोटी ५० लाखांवरून २ कोटी १० लाखांवर आणले आणि महिनाअखेरीस सुमारे ९०० जणांची कपात जाहीर केली.

कन्सोलच्या व्यवसायाची रचनाच अशी आहे. यंत्रावर नफा अल्प असतो, कधी तोटाही असतो. कमाई होते ती पुढील काळात विकल्या जाणाऱ्या गेममधून, वर्गणीतून आणि अन्य कंपन्यांच्या विक्रीवरील हिश्श्यातून. यंत्राच्या आयुष्याच्या आरंभी सवलत देऊन ग्राहक जोडणे हे पेरणीसारखे असते. उत्तरार्धात तीच सवलत फायदेशीर ठरेल याची शाश्वती कमी होत जाते.

तारीख गाठण्याचा मोह

हंगाम साधण्यासाठी अपुरा गेम बाजारात आणण्याचा मोह १९८२ नंतरही संपलेला नाही. पोलंडच्या सीडी प्रोजेक्टने ‘सायबरपंक २०७७’ तीनदा पुढे ढकलून अखेर १० डिसेंबर २०२० रोजी आणला. त्या वर्षअखेरपर्यंत १ कोटी ३७ लाख प्रती खपल्या. परंतु जुन्या कन्सोलवर तो इतका सदोष चालत होता की, सोनीने आठवड्याभरात तो आपल्या ऑनलाइन दुकानातून काढून टाकला आणि ग्राहकांना पैसे परत देऊ केले. तो तेथे परत आला जून २०२१ मध्ये. डिसेंबरच्या आरंभीच्या उच्चांकावरून समभाग काही आठवड्यांत एक तृतीयांशाहून अधिक उतरला.

गेम पुढे ढकलला गेला, तर नुकसान कोणत्या आर्थिक वर्षात पडते हेही पाहावे लागते. टेक-टूच्या ‘ग्रँड थेफ्ट ऑटो ६’ ची तारीख मे २०२५ मध्ये बदलली आणि तो २०२५ च्या शरद ऋतूतून २६ मे २०२६ वर गेला. म्हणजे एका आर्थिक वर्षाची कमाई पुढच्या वर्षात गेली. नोव्हेंबर २०२५ मध्ये तो पुन्हा १९ नोव्हेंबर २०२६ वर ढकलण्यात आला. हा बदल एकाच आर्थिक वर्षाच्या पोटातला होता. दोन्ही वेळा समभाग घसरला, परंतु हिशेबाच्या दृष्टीने दोन घटना सारख्या नव्हत्या.

हंगामाचे बदलते रूप

नाताळची मक्तेदारी आता पूर्वीइतकी राहिलेली नाही. निन्टेन्डोने स्विच मार्च २०१७ मध्ये आणि ‘स्विच २’ ५ जून २०२५ रोजी आणला. दुसऱ्याची ३५ लाख यंत्रे चार दिवसांत खपली. पहिला भर हंगामाबाहेर ओसरू द्यायचा आणि नाताळापर्यंत पुरेसे उत्पादन हाताशी ठेवायचे, असा लाभ या वेळापत्रकात मिळतो.

दुसरा बदल उत्पन्नाच्या स्वरूपातला आहे. इलेक्ट्रॉनिक आर्ट्सच्या उत्पन्नाचा ७० टक्क्यांहून अधिक भाग आता गेम विकल्यानंतर मिळणाऱ्या ऑनलाइन सेवांमधून येतो. हे उत्पन्न वर्षभर वाहते, म्हणून ते सुरक्षित मानले जाते. मात्र जानेवारी २०२५ मध्ये कंपनीच्या फुटबॉल गेमचा हंगामी जोर ओसरल्याचे आणि ‘ड्रॅगन एज’ मालिकेतील नव्या गेमला अपेक्षेच्या निम्मेच खेळाडू मिळाल्याचे स्पष्ट होताच समभाग एका दिवसात सुमारे १६ ते १७ टक्क्यांनी कोसळला. मायक्रोसॉफ्टच्या २०२४ च्या हंगामी तिमाहीत एक्सबॉक्स यंत्रांचे उत्पन्न २९ टक्के घटले, तर गेम आणि सेवांचे उत्पन्न २ टक्के वाढले. यंत्रांच्या विक्रीवरून संपूर्ण व्यवसायाचा अंदाज करण्याचे दिवस मागे पडत आहेत.

निकाल वाचताना

पहिली गोष्ट, ‘पाठवलेला माल’ आणि ‘खपलेला माल’ यांत भेद करावा. चतुर्थीपूर्वी म्हापशाच्या दुकानदाराने माल भरला म्हणजे तो ग्राहकाच्या घरी गेला, असे होत नाही. बहुतेक कंपन्या दुकानदारांकडे पाठवलेल्या नगांचे आकडे देतात; फडताळात राहिलेला माल पुढच्या तिमाहीची विक्री खातो. दुसरी गोष्ट, वार्षिक अंदाज कायम ठेवला, वाढवला की घटवला हे विक्रीच्या आकड्याआधी पाहावे. तिसरी, उत्पन्नाबरोबर नफ्याचे प्रमाण आणि साठ्याचे मूल्य तपासावे. चौथी, यंत्र आपल्या आयुष्याच्या कोणत्या वर्षात आहे हे ध्यानात घ्यावे. पाचवी, जपानी कंपन्यांबाबत येनचा दर पाहावा. निन्टेन्डोची तीन चतुर्थांशाहून अधिक विक्री जपानबाहेर होत असल्याने येन घसरला तर नफा फुगलेला दिसतो.

भारतीय गुंतवणूकदारासाठी

या कंपन्यांचे समभाग घेण्यासाठी भारतातील रहिवाशाला रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेचा आधार घ्यावा लागतो. तिची मर्यादा प्रतिव्यक्ती वर्षाला अडीच लाख डॉलर आहे. एप्रिल २०२५ पासून गुंतवणुकीसाठी वर्षभरात पाठवलेल्या १० लाख रुपयांपुढील रकमेवर २० टक्के कर उगमस्थानी गोळा केला जातो. तो विवरणपत्रात समायोजित होत असला, तरी तोवर पैसा अडकतो. सोनीचे समभाग न्यूयॉर्कमध्येही नोंदलेले आहेत, निन्टेन्डोची मुख्य नोंदणी टोकियोत आहे.

भारतातील गेम उद्योगाला मात्र नाताळचा हंगाम लागू होत नाही. येथे खेळ मुख्यतः मोबाइलवर होतो आणि पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या क्रिकेटच्या गेमचा हंगाम आयपीएलचा होता. ऑगस्ट २०२५ मधील ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैशांचे खेळ बंद झाले, तेव्हा ड्रीम११ ला आपल्या सशुल्क स्पर्धा थांबवाव्या लागल्या. मार्च २०२१ मध्ये शेअर बाजारात नोंदलेल्या मुंबईच्या नझारा टेक्नॉलॉजीजचा समभागही, पोकरच्या व्यवसायातील तिच्या गुंतवणुकीमुळे, घसरला. तेथे हंगामापेक्षा धोरणाची जोखीम मोठी ठरली.

परदेशी गेम कंपन्यांच्या बाबतीत डिसेंबरच्या बातम्या वाचाव्यात, पण निर्णयासाठी फेब्रुवारीची वाट पाहावी. तोपर्यंत दुकानांतील रोषणाई उतरलेली असते, उरलेला माल मोजून झालेला असतो आणि कंपनीने स्वतःच्याच अंदाजाविषयी काय म्हटले आहे, हे कागदावर आलेले असते.