गावकुत्र्याची गाठ

शिरोळ तालुक्यात कॅन्सर हा शब्द आजही दबक्या आवाजात उच्चारला जातो. त्याच्या पाठोपाठ उसावरची तणनाशके आणि पंचगंगेचे पाणी यांचे बोलणे निघतेच. पशुवैद्य म्हणून या भागात काम करताना हा विषय माझ्यापुढे आला तो एका कुत्रीमुळे. मळ्यातली राखणीची कुत्री, मागून रक्त ठिबकत होते, आत फुलकोबीसारखी गाठ. कॅन्सर म्हटल्याबरोबर मालकाचा चेहरा उतरला. "डॉक्टरसाहेब, उसाला टू-फोर-डी मारतोय आम्ही. त्यानं तर झालं नसंल न्हवं? मग घरातल्या पोरांचं काय?"

प्रश्न रास्त होता. पण त्याचे उत्तर द्यायचे तर कुत्र्यांना कोणता कॅन्सर किती होतो हे आधी कोणी तरी मोजलेले असावे लागते. दत्ताच्या तसबिरीत पायाशी चार कुत्री असतात, त्यांना आपण चार वेद मानतो. नृसिंहवाडी तर आमच्या शेजारीच. परंतु वेद मानलेल्या या जनावराच्या आजाराची वही आपण कधी घातली नाही.

ती घातली अमेरिकेत. कॅलिफोर्नियातल्या अलामेडा आणि कॉन्ट्रा कोस्टा या दोन जिल्ह्यांत १९६३ ते १९६६ या काळात पशुवैद्यांकडे आलेल्या प्रत्येक गाठीची नोंद झाली. हिशेब निघाला तो वर्षाला एक लाख कुत्र्यांमागे सुमारे ३८१ कॅन्सर असा. कातडीच्या आणि माद्यांमध्ये स्तनांच्या गाठी आघाडीवर होत्या. त्याच नोंदींवरून १९६९ साली आणखी एक गोष्ट मांडली गेली : पहिल्या माजाआधी शस्त्रक्रिया झालेल्या कुत्रीला स्तनाच्या कॅन्सरचा धोका, न केलेलीच्या तुलनेत, अवघा अर्धा टक्का उरतो. पुढे या आकड्यावर शंका घेतल्या गेल्या, तरी रोख बरोबर असावा असे मला वाटते.

मात्र ही सगळी घरात पाळलेली कुत्री. आपल्या गल्लीतल्या कुत्र्यांची यादी वेगळी निघते. स्तनांच्या गाठी आपल्याकडेही पुष्कळ, पण त्यांच्या जोडीला उभी राहते ती समागमातून पसरणारी गाठ, शेतकऱ्याच्या कुत्रीला होती तीच. लंडनच्या डेलाबेर ब्लेन या पशुवैद्याने १८१० साली तिचे वर्णन केले. १८७६ साली रशियात नोविन्स्की यांनी गाठीचे तुकडे एका कुत्र्यातून दुसऱ्यात रुजवून दाखवले. कॅन्सर असा लावता येतो यावर तेव्हा कोणाचा विश्वास बसणे कठीणच होते!

खरे गूढ उकलले २००६ साली. भारत, केनिया, इटली अशा दूरदूरच्या कुत्र्यांतील गाठी तपासल्या, तर त्यांचा आनुवंशिक ठसा यजमान कुत्र्याशी जुळेना, एकमेकींशी मात्र जुळला. म्हणजे येथे विषाणू नव्हे, कॅन्सरची पेशीच एका अंगातून दुसऱ्या अंगात जाते. २०१९ साली शेकडो गाठींच्या अभ्यासातून अंदाज आला की साडेआठ ते चार हजार वर्षांपूर्वी, बहुधा आशियात, कुठल्याशा एका कुत्र्याच्या अंगात ही गाठ उठली. ते कुत्रे केव्हाच मेले, त्याच्या पेशी मात्र अजून जगत आहेत, शिरोळच्या बाजारपेठेतसुद्धा. ब्रिटनमध्ये हा रोग विसाव्या शतकात जवळजवळ नाहीसा झाला, कारण तिथे मोकाट कुत्री उरली नाहीत.

मी त्या शेतकऱ्याला सांगितले, ही गाठ औषधाने झालेली नाही, ती कुत्र्याकडून कुत्र्याला येते, माणसाला लागत नाही. तेवढ्यावर त्याचे समाधान झाले नाही, आणि ते योग्यच होते. कारण टू-फोर-डी आणि कुत्र्यांचा लसिकाग्रंथींचा कॅन्सर यांचा संबंध अमेरिकेत १९९१ साली जोडला गेला होता. वर्षातून चार किंवा अधिक वेळा हे तणनाशक मारले जाणाऱ्या घरच्या कुत्र्यांत तो दुपटीने दिसला, असे त्या अभ्यासाचे म्हणणे. १९९९ साली तीच आकडेवारी पुन्हा तपासली गेली, तेव्हा संबंध टिकला नाही. वाद झाला, पण वाद घालण्यापुरते आकडे तरी त्यांच्यापाशी होते. आमच्या उसाच्या बांधावर तेच औषध, तीच कुत्री, आणि नोंद मात्र शून्य. "त्याबद्दल मला ठाऊक नाही," एवढेच मी त्याला म्हणालो. मालकाला हे ऐकायला आवडत नाही, डॉक्टरला सांगायला त्याहून नाही.

उपचार मात्र ठाऊक होता. व्हिन्क्रिस्टीन हे औषध निघाले सदाफुलीपासून आणि अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली १९६३ साली, कॅलिफोर्नियातील नोंदी सुरू झाल्या त्याच वर्षी. तुळशीवृंदावनाशेजारी फुलणारी तीच आपली सदाफुली. आठवड्याला एक सुई, शिरेतूनच. जरा बाहेर सांडले तर कातडी सडते, म्हणून हात थरथरून चालत नाही. बहुतेक कुत्री चार ते सहा आठवड्यांत बरी होतात. ही चौथ्या सुईला बरी झाली. पाचव्या आठवड्यात मालक तिला घेऊन आलाच नाही, निरोप तेवढा आला : कुत्री पुन्हा राखणीला लागली आहे, आणि उसाची भांगलण या वर्षी माणसं लावून करणार आहोत.